दुसऱ्या खुर्चीच्या जागी रबराचं झाड

माझ्या मुलाला सकाळी दवाखान्यात उतरल्यावर आई दिसत नाही, बायको दिसत नाही, बाकावर गाल धरून बसलेला पेशंटसुद्धा दिसत नाही. तो चपला काढतो, सरळ आतल्या खोलीत जातो आणि झाडाला विचारतो, "काय, बरं आहे ना आज?" मला हा प्रश्न त्याने शेवटचा कधी विचारला ते आठवत नाही, आणि माझे गुडघे बरे नाहीत हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. बरं, झाड तरी कसलं, तर रबराचं. जाड काळपट हिरवी पानं, बारा महिने तस्सं. ना फूल ना फळ. त्याच्याशी कितीही बोला, उलटून बोलत नाही. मला वाटतं त्याला तेच आवडतं.

मुलगा दातांचा डॉक्टर आहे. हे मी कुणालाही सांगते तेव्हा पदर सावरून, मान ताठ करून सांगते. हात असा हलका की दाढ काढून झाली तरी माणूस विचारतो, सुरुवात कधी करणार? कौतुक करायचं तिथे मी करतेच. पण हाताला अक्कल आहे म्हणून वर डोक्यातही तेवढीच असेल, असा काही नियम नाही.

दवाखाना तळमजल्यावर, आम्ही वर राहतो. बाहेर पेशंट बसायची खोली, तिथे टेबलामागे मी. माझी शाळा चौथीत सुटली. पण नाव वाचता येतं आणि माणूस ओळखता येतो, दाराशी बसायला याहून जास्त लागत नाही. मधे खुर्चीची खोली, आणि तिच्या पलीकडे खिडकीची खोली. साऱ्या जागेत उजेड म्हणावा असा काय तो तिथेच.

ती खोली दुसऱ्या खुर्चीसाठी ठेवली होती. माझी सूनही दातांचीच डॉक्टर. दोघं एकाच वर्गातले, आणि खोटं कशाला बोलू, परीक्षेत ती त्याच्या पुढे. लग्न ठरलं तेव्हाच ठरलं होतं, तिची खुर्ची खिडकीपाशी बसणार. प्लंबरने जमिनीतून पाण्याची नळी आणि हवेची नळी वर काढून त्यांना टोपणं लावून ठेवली. टोपणं अजून तशीच आहेत. आधी मुलगा म्हणाला, जम बसू दे. मग नात झाली, तेव्हा म्हणाला, ती शाळेत जाऊ दे. नात शाळेत गेली, तिचे दुधाचे दात पडून पक्के आले, आणि तोवर त्या खोलीत झाड उभं राहिलेलं होतं.

झाड खरं तर सुनेचंच. माहेरून आणलं तेव्हा चहाच्या कपात मावत होतं. मुलाने ते खिडकीत ठेवलं, म्हणाला, तात्पुरतं ठेवतो. तात्पुरतं म्हणून घरात आलेलं काहीही कधी परत गेल्याचं मी पाहिलेलं नाही. झाड माझ्या कमरेला लागलं, मग खांद्याला, मग मीच त्याच्या खांद्याला लागायला लागले.

"अरे, आणि खुर्चीचं काय?" मी विचारायची.

"आई, हे झाड जागेवरून हलवलं की पानं टाकतं. फार नाजूक असतं त्यांचं."

"आणि सूनबाईचं?"

"तिला समजतं."

समजूतदार बाईची हीच गंमत असते. तिला समजतं, म्हणून तिला कुणी काही समजावून सांगायला जात नाही.

मग ती काम कुठे करायची? त्याच्याच खुर्चीवर. तो उतरायच्या आधी सकाळी थोडा वेळ, आणि दुपारी तो जेवून लवंडला की. नवऱ्याने उठावं आणि हिने बसावं, पाऊस पडत असताना एक छत्री पाळीपाळीने वापरावी तसं. तरी लहान मुलं आणि म्हाताऱ्या बायका तिच्याकडेच यायच्या. टेबलाशी येऊन हळूच विचारायच्या, "बाई आहेत ना? सर नकोत, बाई हव्यात." ती त्याला वर घरात "अरे" म्हणते, खाली पेशंटसमोर "सर" म्हणते आणि माझ्यासमोर "अहो". मला सगळं ऐकू येतं, पण मी एकच ऐकते.

तर झालं असं की एका दुपारी एप्रनच्या घड्या घालता घालता सून म्हणाली, "आई, मोठ्या रस्त्यावरच्या मॅडमनी मला बोलावलंय. त्यांच्या दवाखान्यात. स्वतंत्र खुर्ची देतायत."

माझ्या हातातला एप्रन तसाच राहिला. "त्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बघू म्हणाले. मग झाडाखालची धूळ पुसायला गेले."

"आणि तू मॅडमना काय सांगितलंस?"

"शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलंय. आई, मला इथेच काम करायचंय हो. पण किती दिवस उभ्याने वाट बघू?"

मी हातातल्या एप्रनची घडी पुरी केली. माझाही स्वार्थ होताच, तो लपवून काय करायचंय? ती गेली तर मुलं जातील, म्हाताऱ्या जातील, आणि मी टेबलामागे बसून माशांना नंबर देईन. शिवाय लोक विचारतील, घरची डॉक्टर बाहेर का जाते? याला काय उत्तर देऊ? झाड आहे म्हणून?

आणि नेमकं त्याच आठवड्यात झाड आजारी पडलं.

आधी खालचं एक पान पिवळं झालं, गळलं. मग दुसरं. मुलाचा चेहरा असा झाला की पेशंट विचारायला लागले, डॉक्टरांच्या घरी काही वाईट बातमी आहे का?

"तहानलंय ते," मुलगा म्हणाला आणि सकाळचं पाणी वाढवलं. आमच्याकडे मदतीला एक बाई आहे, मी तिला चपळाबाई म्हणते कारण तिला एक फरशी पुसायला अर्धा दिवस लागतो. ती फरशी पुसताना झाडाला पाणी घालायचीच, ते तिच्या कामातच होतं. आणि दुपारी सगळीकडे सामसूम झाली की मीही एक तांब्या ओतायची. दारात उभं असलेल्याला पाणी विचारावं, एवढी रीत मला कळते. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिघंही आपापल्या परीने पुण्य करत होतो.

पानं गळायची थांबेनात. मग मुलाने आरशी घेतली. तीच, काडीच्या टोकाला बारीक आरसा असतो, तोंडात घालतात ती. प्रत्येक पानाच्या खाली धरून बघायला लागला. पानांच्या पाठीला तपकिरी खपल्यांसारखे किडे चिकटले होते, पानं हाताला चिकट लागत होती.

"कीटण!" तो ओरडला. "आई, हे बघ, दातांवर जमतं तसंच!"

मग दातांचं कीटण काढायचं हत्यार घेऊन बसला आणि पानोपान खरवडत गेला. ओल्या कापसाने पुसलं, हवेच्या नळीने फुंकलं. किडे गेले, ते मान्य करते. झाड असं चकचकीत झालं की मला वाटलं आता ते आ करून दाखवणार. बाहेर बाकावर पोस्टमास्तर बसले होते. निवृत्त माणूस, दाढ सुजून गाल लाडवासारखा झालेला.

"बाई," ते तोंड वाकडं करून म्हणाले, "आत पेशंट कोण आहे? फार वेळ लागतोय."

"झाड आहे," मी म्हटलं.

"अच्छा." ते थोडं थांबले. "आधी नंबर लावला होता का त्याने?"

खरा कळस दुसऱ्या दिवशी झाला. खोडाला मातीच्या जरा वर एक मऊ, काळपट डाग दिसला. मुलाने बोटाने दाबला, बोट आत गेलं. झालं! कीड लागलेला दात दिसावा तसा चेहरा उजळला बघा त्याचा. चपळाबाईला हाक मारली, दिवा ओढला, ड्रिलची नळी ताणून ताणून त्या खोलीपर्यंत नेली आणि मऊ झालेला भाग कोरून काढला. खोडातून पांढरं दूध वाहायला लागलं तर लाळ ओढायच्या नळीकडे बोट करून चपळाबाईला म्हणतो, "सक्शन धरा!" आणि तिने धरला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर धरला. मग जागा कोरडी केली, दातात भरतात ते पांढरं सिमेंट भरलं, निळा दिवा दाखवून कडक केलं, वर घासून गुळगुळीत केलं.

"आता कूज पुढे जाणार नाही," तो मागे सरून म्हणाला. "रंगसुद्धा जुळवता आला असता, पण हिरवी छटा आपल्याकडे नसते."

सून दारात उभी होती. दिवसभर ती अशीच दारांमधे उभी असते. ती म्हणाली, "अहो, कूज खालून येतेय. वास येतोय बघा, नालीसारखा. झाडाची कुंडी ज्या शोभेच्या कुंडीत ठेवलीय, तिला भोक नाही. पाणी साठून मुळं कुजली असणार. आतली कुंडी उचलून बघायला हवी."

"कुंडी उचलायची म्हणजे झाड हलवायचं."

"हो."

"हलवलं की पानं टाकतं ते."

"आत्ता काय करतंय?"

तेवढ्यात एक पान पडलं. खोटं वाटेल, पण झाडालाही कधीकधी टायमिंग असतं.

"आणि ही चिनी मातीची कुंडी मी मुद्दाम बिनभोकाची आणलीय," मुलगा म्हणाला, "खाली फरशी ओली व्हायला नको म्हणून. तुला हे झाड इथून काढायचंच आहे, मला माहितीय."

सुनेच्या तोंडावरचा रंग उतरला. ती खुर्चीच्या खोलीत गेली आणि काल तसेच परतून आज पुन्हा आलेल्या पोस्टमास्तरांना म्हणाली, "या, बसा, मी बघते." दाढ तिने मोकळी केली, पू काढला, गोळ्या लिहून दिल्या. पोस्टमास्तर बाहेर आले तेव्हा माणसात आले होते. जाता जाता मला म्हणाले, "बाईंना वेगळी खुर्ची का नाही हो देत?"

"त्या जागेवर पेशंट भरती आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

शनिवारी मुलाला कुठेतरी दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनाला जायचं होतं. निघताना झाडाला सांगितलं, दुपारी येतो. तो कोपऱ्यावरून वळल्यावर मी टेबलावरून उठले.

"सूनबाई, चल. काढू या ते."

"आई, नको. त्यांना वाटेल मी..."

"तुझं नाव कुठे आलं? मी काढतेय. मला वास सहन होत नाही. आणि हे बघ, झाड तिथून निघालं की त्याला सांगायला काही उरणार नाही. सोमवारी खुर्चीवाल्याला फोन करेल. मी माझ्या पोटच्याला ओळखते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि आई, अडचण झाडाची नसलीच तर?"

"भलतंच काहीतरी! माणूस एवढा झाडाचा लळा लावून घेतो, त्याचं मन काय वाईट असतं का?"

तिने हातमोजे घातले. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, आणि चपळाबाई "सांभाळून, सांभाळून" म्हणायला. आतली कुंडी उचलली तशी खाली बिनभोकाच्या कुंडीत काळं पाणी डचमळलं. असा वास सुटला की चपळाबाई पळाली. पळाली म्हणजे खरोखर पळाली. मागच्या नळाशी नेऊन सुनेने झाड आडवं केलं, मुळं मोकळी केली. अर्धी काळी, चिखलासारखी, हातात घेतली की साल गळून येत होती. आतली थोडी अजून पांढरी होती, घट्ट होती.

"ही जगतील," ती म्हणाली. कात्री स्पिरिटने पुसून कुजलेली मुळं कापून काढली. भरड वाळू मिसळलेली नवी माती, खाली भोक असलेली साधी कुंडी. पाणी अगदी बेताचं. मग मला म्हणाली, "आता बोट खुपसून बघायचं, आई. माती वरून कोरडी लागली तरच पाणी. आणि ते एकानेच घालायचं."

"कोणी?"

"तुमच्याशिवाय कोणीही," असं म्हणाली आणि हसली. मला उलटून बोलायची तिची पहिलीच वेळ. मी ऐकून घेतलं. वेळ तशी होती.

झाड आम्ही बाहेरच्या खोलीत ठेवलं, माझ्या टेबलापासून दोन हात. तिथे ऊन अंगावर येत नाही, पण उजेड आहे. खिडकीची खोली रिकामी झाली. जमिनीवर कुंडीचा गोल डाग आणि शेजारी त्या दोन नळ्या, टोपणं घातलेल्या. सुनेने वाकून टोपणांवरची माती पुसली. मग जरा मागे सरून उभी राहिली, डावा हात पुढे, उजवा हात कोपरात वाकवलेला. पेशंटच्या तोंडावर वाकतात ना, तशी. तिथे खुर्ची असती तर ती कुठे उभी राहिली असती, ते बघत होती. मी पाहिलं हे तिला कळलं तशी तिने हात खाली घेतले.

दुपारी मुलगा आला. बाहेरच्या खोलीत झाड बघून जागीच थांबला. मी तोंड उघडणार तोच त्याला नळाशी ठेवलेली बादली दिसली, काळ्या मुळांची. जवळ गेला, एक मूळ चिमटीत धरलं, वास घेतला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "तू म्हणत होतीस तेच निघालं. माझं चुकलं."

मी सुनेकडे असं बघितलं, जसं काही परीक्षेत पहिली मीच आले. सांगितलं नव्हतं का मी? तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं होतं. तिने हातमोजे काढलेसुद्धा नव्हते.

मुलगा खिडकीच्या खोलीत गेला. आम्ही दोघी मागोमाग. तो मधोमध उभा राहिला, दोन्ही हात पसरून भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतलं, खिडकी उघडली, बंद केली.

"वा! अगं, केवढी मोठी खोली आहे ही! झाडामुळे कळतच नव्हतं. आई, बरं केलंत तुम्ही. तो एक्स-रे मशीनवाला कधीचा मागे लागलाय माझ्या. अख्ख्या जबड्याचा एकदम फोटो निघतो. ते इथे अस्सं फिट बसेल."

बाहेर चपळाबाई बादली आपटत होती.

"अहो," सून म्हणाली, आवाज अगदी साधा, "आणि खुर्ची?"

"खुर्ची? ती बघू ना. ती काय कुठे पळून चाललीय? आधी मशीनचा जम बसू दे."

सूनबाईने एकेक बोट ओढत हातमोजे काढले. नळाशी जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे. पुसले. खिशातून फोन काढला आणि आमच्या समोरच लावला.

"मॅडम, नमस्कार. हो, ठरलं. सोमवारपासून येते. नाही, आणखी काही विचारायचं नाहीये मला. हत्यारं मी माझी घेऊन येईन."

फोन ठेवला आणि वर गेली. जिन्यावर तिची पावलं नेहमीसारखीच वाजली, ना जोरात ना हळू. मला मात्र तेच जास्त लागलं. ती थांबली होती ती याच्या एका शब्दासाठी, आणि मी तिला त्या शब्दाची हमी देऊन बसले होते.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी पतंग कटला की बघायचा तसा, जणू दोर मीच कापला.

"आई, असं एकदम? मी काही नाही म्हटलं नव्हतं! बघू म्हटलं होतं फक्त. तू तरी सांग तिला. तुझं ऐकते ती."

चपळाबाई बादली तशीच धरून दारात उभी राहिली होती. मी तिला जा म्हटलं नाही. काही गोष्टी ऐकायला एक बाहेरचं माणूस असलेलं बरं.

"तिला मी काहीही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुला सांगते, ते ऐक. झाडाचं नाव पुढे करून तू तिला बाहेर ठेवलंस, आणि मी तुझी आई असून त्या झाडाला दोष देत बसले. आज झाड निघालं, तर मागे तूच उभा होतास. आता सोमवारी मुलं आली, म्हाताऱ्या आल्या आणि बाई कुठे म्हणून विचारलं, की मी हात करून मोठा रस्ता दाखवणार, आणि दाढ दुखली तर मीही तिकडेच जाणार. या खोलीत तू मशीन आण, नाहीतर स्वतःच जाऊन उभा राहा त्या खिडकीपाशी. ऊन छान येतं, आणि तुला तिथून कुणी हलवणार नाही."